बोलका कॅमेरा

खाली उभं राहून हाक मारली नाहीत, फोन केलात, ते बरं केलंत. बसा. हा छोटा दिवाच राहू द्या. मोठा लावला की खिडकीच्या काचेतून बाहेरचं काही दिसत नाही, आणि मला हल्ली दिसलेलं बरं वाटतं.

घराबाहेर लावायला कॅमेरे कुठले घ्यावेत, हे विचारायला आलात ना? मनालीनं पाठवलं असणार. ठाण्याच्या ऑफिसात ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. वर्षालीला विचारल्याशिवाय कोणी साधा मिक्सरसुद्धा घेऊ नये, असं तिचं मत आहे. तसं ते चूक नाही. मी बादली घ्यायची तरी चार दुकानं पालथी घालते आणि दुकानदाराच्या तोंडाला फेस आणते. कॅमेऱ्यांचंही तसंच केलं होतं. सगळं सांगते, मग काय घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

आमचं घर तेव्हा कल्याणजवळ, मोहन्याच्या पुढे, नदीकडच्या गावठाणात होतं. पुढे पडवी, पडवीसमोर अंगण, अंगणाला लोखंडी फाटक. त्या फाटकाची कडी काढली की आधी कर्रर्र करायची आणि मग खांबावर टक्कन आपटायची. घरात कुठेही असलं तरी कळायचं की कोणीतरी आलं. घर बांधलेलं सासऱ्यांनी. परशुराम त्यांचं नाव. एका संध्याकाळी ते जलपर्णीत अडकलेलं जाळं सोडवायला नदीत उतरले आणि वर आलेच नाहीत. होड्या फिरल्या, पाणबुडे आले, नदीभर पसरलेली ती हिरवी पानं बाजूला करून करून माणसं थकली. सासरे सापडले नाहीत.

तेव्हापासून दिवसभर घरात सासूबाई एकट्या. माझा नवरा दर्शन कामाला कल्याणला, मी ठाण्याला, नणंद कल्पिता ठाकुर्लीला फ्लॅटमध्ये. सासूबाईंचं नाव दगडाबाई, आणि बाईही तशीच टणक. आमची भांडणं व्हायची, नाही असं नाही. मीठ कमी पडलं तरी त्या मला ऐकवायच्या आणि मीही गप्प बसणारी नाही. पण मला यायला उशीर झाला की जेवायच्या थांबायच्या. पडवीत बसून राहायच्या, आणि मी फाटकातून हाक मारली की "आले गो, आले" करत चप्पल न घालता धावायच्या.

मात्र तिसऱ्या हाकेला. त्या गावठाणात दिवेलागणीनंतर पहिल्या हाकेला कोणी ओ देत नाही. दुसरीलाही नाही. तिसरी आली की मग दार उघडायचं. शेजारीपाजारी, दूधवाला, सगळ्यांना हे ठाऊक, त्यामुळे जो तो तीनदा बोलवायचा. मी ठाण्याच्या बिल्डिंगीत, दाराच्या बेलवर वाढलेली. लग्न होऊन आले तेव्हा हसले होते.

"हसू नको," सासूबाई म्हणाल्या होत्या. "गेलेल्या मानसाला एकच हाक मारता येते. पुन्ना पुन्ना बोलवायला जीव लागतो, तो त्याच्याकडं कुठला? आपण गप रायचं. कुनी ये बोल्लं नाय, तर तो फाटकाच्या आत येत नाय."

सासरे गेल्यापासून दिवेलागणीला त्या पडवीत भिंतीला टेकून बसायच्या, ओठ घट्ट मिटून. मला वाटायचं नवऱ्याची आठवण काढतात. कधीतरी अचानक मान वर करायच्या, फाटकाकडे बघायच्या, आणि पदर तोंडात धरायच्या. मी विचारायचे, "काय झालं, आई?" त्या मान हलवायच्या आणि दुसरं काहीतरी काढायच्या.

मग केशरबाईंचं झालं. आमच्या मागच्या आळीतल्या. भर दुपारी दोघं पाणी मागायला आले, म्हातारीला ढकलून गळ्यातलं ओढून नेलं. खुब्याचं हाड मोडलं त्यांचं. त्या दिवशी दर्शनला जेवण गेलं नाही. "उद्या आईचं असं झालं तर?" एवढंच बोलला. कल्पिताजवळ ठाकुर्लीला जागा भाड्यानं बघतो म्हणाला, तर सासूबाई फणकारल्या.

"मी गेले तर फाटक कोन सांभाळंल?"

मला वाटलं, चोरांबद्दलच बोलताहेत. म्हणून कॅमेरे घ्यायचं ठरलं.

कल्याणला स्टेशनजवळ विकी नावाच्या पोराचं दुकान आहे. पोरगं म्हणजे तिशीचा असेल, पण तोंड असं चालतं की विचारू नका. तो वायफायवाले कॅमेरे दाखवायला लागला. मी म्हटलं, आमच्या घरातलं वायफाय फाटकापर्यंत पोचत नाही, वायरचेच दाखव. तो खूश झाला.

"ताई, तुम्ही समझदार आहात. बाहेरसाठी हे लांबट घ्या, पावसाला दाद देत नाहीत. रात्रीपण कलर दिसणार. आणि रेकॉर्डर एकदम आतल्या खोलीत ठेवा, कपाटात. चोर हल्ली पहिला रेकॉर्डर उचलतो. तोच गेला तर बघणार काय, भिंत?"

हे सगळं खरं आहे हं. तुम्हीही लक्षात ठेवा. आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली. कॅमेरा खांबावर उंच लावला की लांबचं छान दिसतं, पण खांबाच्या बुडाशी अगदी चिकटून कोणी उभं राहिलं तर ते दिसत नाही. "तेवढी जागा आंधळीच राहते, ताई. त्याला इलाज नाही."

शेवटी प्रश्न राहिला बोलण्याचा. एका प्रकारात माईक आणि स्पीकर दोन्ही असतात. फाटकाशी कोणी आलं की तुमच्या फोनवर खूण वाजते, तुम्ही कुठेही असा, बटण दाबून त्याच्याशी बोलायचं. दर्शन म्हणाला, "कशाला पाहिजे? बघायचंय ना आपल्याला फक्त?" पण मला तोच हवा होता. कारण सांगते. कुरियरवाले, गॅसवाले एकदा हाक मारायचे आणि सासूबाई ओ द्यायच्या नाहीत म्हणून निघून जायचे. माझी पार्सलं परत जाऊन जाऊन मी कावले होते. म्हटलं, आता मीच ओ देईन.

घरी आलो. सासूबाईंनी खोक्यावरचं चित्र बघितलं, कॅमेरा हातात घेऊन उलटा-सुलटा केला.

"ह्यो बघतो?"

"हो, आई. आणि बोलतोसुद्धा."

त्यांनी तो खाली ठेवला. "बगू दे. बगायला कायच हरकत नाय. पन बोलका नको, पोरी. घराच्या वतीनं कुनी भलतंच बोललं तर?"

"अहो, मीच बोलणार ना! भलतं कसं बोलेन?"

त्यांनी दर्शनकडे पाहिलं. दर्शननं माझ्याकडे पाहिलं. घरात खरेदीच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा, हे त्यालाही माहीत होतं. बोलका कॅमेरा फाटकाच्या खांबावर लागला. रेकॉर्डर आतल्या खोलीतल्या कपाटात बसला, आणि मी ऑफिसात बसून तासातासाला घर बघायला लागले. अंगणात वाळत घातलेली मिरची, पायरीवरचं मांजर, सूप घेऊन बसलेल्या सासूबाई. जिवाला इतकं बरं वाटायचं!

मग ती संध्याकाळ आली. महिनाअखेर होती, मी ऑफिसातच अडकले होते. मनाली कोणाची तरी नक्कल करून स्वतःच खो खो हसत होती. माझा फोन वाजला. फाटकाशी कोणीतरी. पाण्याच्या फिल्टरवाल्याला मी त्याच दिवशी बोलावलं होतं. उघडून बघितलं तर फाटक, रस्ता, समोरची बाभळ. माणूस कुठे दिसत नव्हता. दिवेलागणीचा तो मातकट उजेड. आणि हाक आली. पुरुषाचा आवाज, घोगरा, घशात पाणी अडकल्यासारखा.

"ओ... हाय का कोन घरात?"

एकदाच. मला वाटलं, बेटा खांबाला टेकून उभा असणार, विकी म्हणाला होता त्या आंधळ्या जागेत. आता हा निघून जाईल आणि पुन्हा चार दिवस यायचा नाही. मी घाईघाईनं बटण दाबलं.

"आई, ओ आई, या ना बाहेर! बघा कोण आलंय." शेजारी मनाली हसतच होती. मग त्याला म्हटलं, "आणि तुम्ही या ना आत. कडी नुसती अडकवलीय."

फोनमध्ये कडीचा आवाज आला. कर्रर्र... टक. फाटक हळूहळू उघडलं आणि तसंच राहिलं. आत कोणी आलेलं मला दिसलं नाही.

दिसल्या त्या सासूबाई. हातात निरांजन घेऊन पडवीच्या पायरीवर आल्या होत्या. त्यांनी आधी उघड्या फाटकाकडे पाहिलं, आणि मग वर, थेट कॅमेऱ्यात, माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पोरानं हातून काहीतरी फोडलं की आई जशी बघते, तसं त्या बघत होत्या. मग त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मी तशीच निघाले. दर्शनला फोन केला, तो माझ्याआधी पोचला. घरात पाय ठेवला आणि वास आला. कुजलेल्या जलपर्णीचा, नदीचं पाणी उतरल्यावर काठाला येतो तो. पडवीभर भरून राहिला होता. सासूबाई आत, उंबऱ्याच्या अलीकडे बसलेल्या होत्या. पडवीत सासऱ्यांचा जुना पाट मांडलेला होता.

"फिल्टरवाला आला होता का, आई?" माझा आवाज मलाच खोटा वाटत होता.

"नाय."

"मग कोण आलं होतं?"

"तू बोलावलंस त्यो." त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचा हात गार होता. "तुजी चूक नाय गो. तुला म्हाईत नव्हतं. रोज ह्याच येळंला येऊन उभा रायचा. एकच हाक मारायचा. मी मन घट्ट करून बसायचे. कसं बसायचे ते मलाच ठाव..."

"बाबा?" दर्शननं विचारलं.

"त्याचा आवाज हाय. त्यो हाय का, ते मना नाय म्हाईत. पडवीपरेंत आयलाय. त्याला घर नको, रं. त्याला सोबत पायजे."

दर्शननं आतल्या खोलीत जाऊन रेकॉर्डर लावला. आम्ही दोघांनी ती संध्याकाळ पुन्हा पाहिली. रिकामं फाटक. घोगरी हाक त्यात नव्हतीच. कान देऊन, आवाज वाढवून ऐकलं, पानांची सळसळसुद्धा ऐकू येत होती, पण हाक नाही. मग एकदम माझा आवाज, स्पीकरमधून मोठा होऊन आलेला, पाठीमागे मनालीचं हसणं. "आई, ओ आई, या ना बाहेर!" आणि मग, समोर कोणी नसताना, "तुम्ही या ना आत." फाटक उघडलं. दर्शननं प्लग खेचून काढला, रेकॉर्डर खोक्यात भरला आणि माळ्यावर टाकला. फाटकावरचा कॅमेरा उंच होता, तो काढायला विकी रविवारी येणार होता. तोवर तो तिथेच राहिला, वीज नसलेला, मेलेला.

आता सासूबाईंना तिथे ठेवायचं नाही, यावर आमचं एकमत झालं. नवल म्हणजे त्याही तयार झाल्या. "आता फाटक सांभाळून काय उपेग?" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दर्शननं गाडी ठरवली. अंधार पडायच्या आत निघायचं, ठाकुर्लीला कल्पिताकडे जायचं. कल्पिता आईसाठी खोली आवरून बसली होती. मला आतून धीर येत होता. एवढी एक संध्याकाळ निभावली की झालं, असं सारखं मनात म्हणत होते. सासूबाईंना एका मिनिटासाठीही नजरेआड करायचं नाही, असंही ठरवलं होतं.

गाडीला उशीर झाला. शहाडच्या पुलावर सगळं तुंबलं होतं. दर्शन तिला रस्ता दाखवायला नाक्यापर्यंत गेला. सूर्य बाभळीच्या मागे गेला. सासूबाई आत उंबऱ्याशी गाठोडं घेऊन बसल्या होत्या, आणि मला आठवलं की त्यांची लुगडी गच्चीवर वाळत राहिलीत. त्यांना म्हटलं, "आई, इथून हलू नका. पटकन घेऊन येते."

"तू हायस ना? मग मी कशाला हलंन," त्या म्हणाल्या.

गच्चीवर गेले. दुसरं लुगडं दोरीवरून ओढत होते, तेवढ्यात खालून, फाटकाकडून आवाज आला.

"आई, ओ आई, या ना बाहेर!"

माझा आवाज.

माझे हात तिथेच थांबले. तोच सूर, तीच घाई, आणि पाठीमागे मनालीचं हसणं. पुन्हा आलं, जसंच्या तसं, हसण्यासकट. "आई, ओ आई, या ना बाहेर!" मला तेव्हा कळलं. गेलेल्याला एकच हाक मारता येते. पण माझी हाक त्या यंत्रानं धरून ठेवली होती, आणि धरून ठेवलेली हाक कितीही वेळा मारता येते.

तिसऱ्यांदा आली. "आई, ओ आई, या ना बाहेर!"

"आले गो, आले," खालून सासूबाई म्हणाल्या.

मी कठड्याकडे धावले. त्या अंगणात उतरल्या होत्या, अनवाणी, लगबगीनं, मला उशीर झाला की यायच्या तशा. दोन वर्षं त्या माणसाच्या हाकेला ओ दिली नाही त्या बाईनं. सुनेच्या हाकेला द्यायची नाही, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

"आई!" मी वरून जीव खाऊन ओरडले.

त्या थबकल्या. माझी खात्री आहे, त्यांनी ऐकलं. मान जराशी वळलीसुद्धा. मग त्यांनी पदर तोंडात धरला, मान खाली घातली, आणि पुढे चालायला लागल्या. कळतंय का तुम्हाला? माझी ती पहिली हाक होती.

मी जिन्याकडे पळाले. तेच चुकलं. पळायला नको होतं. तिथेच कठड्याशी उभी राहून आणखी दोनदा हाक मारली असती, तर ती बाई थांबली असती. रोज रात्री डोळे मिटले की मी त्या गच्चीवर उभी असते आणि त्या दोन हाका मारते. जिना उतरताना मला कडीचा आवाज आला. कर्रर्र... टक. अंगणात पोचले तेव्हा फाटक उघडं होतं, रस्ता रिकामा होता, आणि दर्शन गाडीतून उतरत विचारत होता, "आई कुठाय?"

पुन्हा होड्या, पुन्हा पाणबुडे, पुन्हा ती पानं. सासूबाई सापडल्या नाहीत. पोलिसांनी कॅमेऱ्याचं विचारलं. दर्शननं माळ्यावरचं खोकं काढून दाखवलं, तर ते म्हणाले, "नेमका त्याच दिवशी बंद ठेवलात?" दर्शन माझ्याशी त्याबद्दल कधीच बोलला नाही. एकदा तरी शिव्या घालायला हव्या होत्या त्यानं. आम्ही घर बंद केलं आणि इकडे डोंबिवलीत, या पाचव्या मजल्यावर आलो. फाटक नाही, कडी नाही. खाली वॉचमन आहे. विकीनं कॅमेरा काढून नेला आणि धुऊनपुसून परत कंपनीला पाठवला म्हणाला. मी विचारलं, आत काही आवाज साठलेला असतो का रे? तो म्हणाला, "ताई, कॅमेऱ्यात काय नसतं. सगळं रेकॉर्डरमध्ये." रेकॉर्डर मी स्वतः हातोड्यानं फोडला.

म्हणून तुम्हाला सांगते, चांगलेच घ्या, वायरचे घ्या, पण...

थांबा, खरं तर आज दुपारी एक गोष्ट झाली, म्हणून तर मला बोलायला कोणीतरी हवंच होतं; दर्शन त्यासाठीच ठाकुर्लीला गेलाय, अजून त्याचा फोन नाही. कल्पिताचा फोन आला. रडत होती, पण आनंदानं रडत असावी असं वाटलं.

"वहिनी, काल संध्याकाळी तू खाली येऊन परत का गेलीस गं?"

मी काल ऑफिसात होते. तसं मी बोलणार, तर ती थांबेचना.

"तीनदा हाक मारलीस. मी तीन मोजल्या, आईनं शिकवलेलं मी अजून विसरले नाही. पण मला आई-आई काय करत होतीस? आणि सोबत कोण होती ती? हसत काय होती एवढी?"

"कल्पिता, तू ओ दिलीस?" मी विचारलं.

"तुला नाही दिली. पण तुझ्या मागून... वहिनी, तुझ्या मागून आई बोलली. 'आले गो, आले.' मी ओळखला ना तिचा आवाज. मी गॅलरीत धावले, खाली कोणीच नव्हतं. पण मला राहवलं नाही गं. मी बोलले, ये आई, ये वर, दार उघडंच आहे." मग ती हळू आवाजात म्हणाली, "चुकलं का माझं?"

मी फोन कानाला धरून बसले होते. कल्पिता तिसऱ्या मजल्यावर राहते, साध्या लाकडी दाराच्या फ्लॅटमध्ये, एकटी. आणि फोनमध्ये, तिच्या पाठीमागे अगदी जवळ, आमच्या फाटकाची कडी वाजली.